नानांचा वामरदाम

"मामा, सहा मीटर तीस!!!"

भाच्याचा एवढाच मेसेज आणि खाली एक व्हिडिओ. १५ सप्टेंबर २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत स्वीडनच्या आर्मांड डुप्लांटिसने पोल व्हॉल्टचा नवा विश्वविक्रम केला, त्याचा. मी तो तीनदा पाहिला. पोरगा काठी घेऊन धावतो काय, काठी धनुष्यासारखी वाकते काय, आणि हा वर पाय करून दोन मजल्यांएवढ्या उंचीवरच्या दांडीपलीकडे जातो काय! सगळं स्टेडियम वेडं झालेलं.

आणि मला एकदम नाना आठवले. ते असते तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता, "पडला कशावर?"

आमच्या घरातली जी मंडळी हा ब्लॉग वाचतात त्यांना नाना सांगायला नकोत. बाकीच्यांसाठी सांगतो. नाना म्हणजे माझे थोरले काका. कऱ्हाडच्या अलीकडे आमचं गाव, तिथल्या हायस्कुलात ते पी.टी.चे मास्तर होते. खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी आणि पायात कायम एकाच जातीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. कबड्डी, खो-खो सगळ्या शाळांतून असतो, पण आमच्या शाळेत आणखी एक प्रकार होता जो आजूबाजूच्या गावांत कुठेच नव्हता. बांबूउडी.

तिची तयारी हा एक सोहळाच असे. नाना स्वतः बुरूडआळीत जाऊन कळक निवडायचे. पेरं जवळजवळ आहेत का बघायचे, बोटांनी टकटक करून आवाज ऐकायचे, जमिनीवर ठेवून लोळवायचे. सरळ लोळला तर घ्यायचा, अडखळला तर परत. मग पेरांच्या मधे चिकटपट्टीचे वेढे. फुटलाच तर चिरफळ्या अंगात घुसू नयेत म्हणून. आणि पहिले चार दिवस उडी नाहीच! आम्ही नुसता खड्डा भरायचो. नदीची वाळू, तिच्यावर उसाचं पाचट, परत वाळू, परत पाचट. आम्ही कंटाळायचो. नाना म्हणायचे, "वर कसं जायचं ते मी नंतर शिकवीन. आधी खाली कसं यायचं ते बघा."

खड्डा भरता भरता गोष्ट चालायची. ती दरवर्षी एकच असे, वामरदामची.

"अमेरिकेत एक वामरदाम होता. शेतकऱ्याचं पोर. भाजीच्या रानात उड्या मारायचा. बांबूवर पंधरा फूट गेलेला जगातला पहिला माणूस. आणि एकदा नाही, त्रेचाळीस वेळा! तोपर्यंत जगात दुसरं कोणी एकदासुद्धा नाही. पण लढाई लागली. ऑलिंपिक बंद. मग तो मास्तर झाला."

एवढीच गोष्ट. कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करत असताना तिथल्या कुठल्याशा पुस्तकात ती त्यांनी वाचली होती म्हणे. आम्हा पोरांना वाटायचं की हा माणूस नानांनीच बनवलाय. वामरदाम हे काय अमेरिकन माणसाचं नाव वाटतं का? आमच्यातला एक तर पंधरा फूट म्हणजे केवढं ते बघायला शाळेच्या कौलांवर चढला होता आणि त्याबद्दल मार खाऊन उतरला होता.

भाच्याचा व्हिडिओ बघितल्यावर त्या रात्री मी बसून नानांच्या वामरदामला शोधून काढलं. आणि मंडळी, तो होता! पूर्ण नाव कॉर्नेलियस वॉर्मरडॅम. आईवडील हॉलंडहून आलेले, म्हणून टोपणनाव 'डच'. जन्म २२ जून १९१५, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा, पण वाढला तो त्याच राज्याच्या मधल्या सपाट खोऱ्यात, हॅनफर्डजवळच्या शेतावर. भाजीचं रानही खरं. पालकाच्या शेतात हा पोरगा उड्या मारताना एका फिरत्या विक्रेत्याला दिसला, आणि त्याने जाऊन फ्रेझ्नो स्टेट कॉलेजचे प्रशिक्षक फ्लिंट हॅनर यांच्या कानावर घातलं, अशी गोष्ट त्याच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. पुढे तो त्याच कॉलेजात शिकला, हॅनर यांच्याच हाताखाली.

१३ एप्रिल १९४० ला बर्कलीच्या मैदानावर त्याने पंधरा फुटांची उडी मारली. म्हणजे ४.५७ मीटर. अधिकृत विश्वविक्रमांच्या यादीत मात्र त्याचं नाव पहिल्यांदा येतं ते २९ जून १९४० ला, फ्रेझ्नो, ४.६० मीटर. मग १९४१ मध्ये ४.७२. आणि २३ मे १९४२ ला मोडेस्टो इथे ४.७७. पुढच्या वर्षी शिकागोत, बंदिस्त मैदानावर, ४.७९.

नानांचा त्रेचाळीसचा आकडाही बरोबर निघाला. पंधरा फूट ओलांडणारा जगातला दुसरा माणूस बॉब रिचर्ड्स, आणि तो उजाडला १९५१ साली. तोवर वॉर्मरडॅम त्रेचाळीस वेळा वर जाऊन आला होता. शर्यतीत एखादा दोन पावलं पुढे असतो, हा अकरा वर्षं पुढे होता.

आता या उडीचं गणित थोडं सांगतो, म्हणजे बांबूवर पंधरा फूट ही काय चीज आहे ते कळेल. पोल व्हॉल्ट म्हणजे धावण्याचा वेग उंचीत बदलणं. सेकंदाला नऊ मीटर वेगाने धावणाऱ्या माणसाचा सगळाच्या सगळा वेग उंचीत बदलता आला तर तो साधारण चार मीटर वर जाईल. धावताना त्याच्या शरीराचा मध्य जमिनीपासून मीटरभर वर असतोच. तो धरला तर झाले पाच. पण हे कागदावर. काठी खड्ड्यात टेकवताना जो दणका बसतो त्यात बराच वेग वाया जातो. फायबरग्लासची काठी वाकते, दणका पिऊन टाकते आणि सरळ होताना माणसाला वर फेकते. शिवाय वाकलेली काठी आखूड होते, त्यामुळे ती बरीच वर धरता येते. बांबू असा वाकत नाही. त्यावरचा माणूस घड्याळाच्या लंबकासारखा झुलतो, आणि मग स्वतःच्या हातांच्या आणि पोटाच्या ताकदीवर, मल्लखांबावर चढल्यासारखा, स्वतःला उलटा वर ढकलतो. बांबू फक्त उभा राहतो. वर जायचं काम माणसाचं.

आणि वरून पडायचं ते भुशात किंवा वाळूत. आजच्या जाडजूड गाद्या १९६० च्या दशकात आल्या. पावणेपाच मीटरवरून भुशात पडायचं, उठायचं, भुसा झटकायचा आणि परत काठी उचलायची.

आता लढाईचं. १९४० चं ऑलिंपिक कुठे ठरलं होतं माहीत आहे? टोकियोत! जपानने १९३८ मध्ये ते परत केलं, मग हेलसिंकीला द्यायचं ठरलं आणि अखेरीस झालंच नाही. १९४४ चं लंडनला व्हायचं होतं, तेही नाही. पहिल्याच्या वेळी वॉर्मरडॅम पंचविशीत, दुसऱ्याच्या वेळी एकोणतिशीत. दोन्ही वेळा जगात त्याच्या आसपास कोणी नव्हतं. यातली आणखी एक गंमत (गंमत म्हणवत नाही खरं तर) म्हणजे त्या काळचे उत्तम बांबू जपानहूनच यायचे. लढाईने स्पर्धा नेली आणि बांबूंची वाटही बंद केली. तो स्वतः नौदलात गेला.

१९४८ मध्ये लंडनला ऑलिंपिक भरलं तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता आणि कॉलेजात पगारी प्रशिक्षक झाला होता. त्या वेळच्या नियमांनी पगारी प्रशिक्षक म्हणजे व्यावसायिक, आणि व्यावसायिकाला ऑलिंपिकचं दार बंद. लंडनला पावसात सुवर्णपदकाची उडी झाली ४.३० मीटरची, गिन स्मिथ या अमेरिकनाची. १९५२ मध्ये हेलसिंकीत बॉब रिचर्ड्स ४.५५. १९५६ मध्ये मेलबर्नला तोच, ४.५६. १९६० मध्ये रोमला डॉन ब्रॅग, धातूच्या काठीवर, ४.७०.

हे आकडे मी एकाखाली एक लिहिले आणि वर ४.७७ लिहिलं. चार ऑलिंपिकं, चार सुवर्णपदकं, आणि एकही उडी वॉर्मरडॅमच्या १९४२ च्या बांबूच्या उडीएवढी नाही! त्याचा विक्रम मोडला तो १९५७ मध्ये, बॉब गुटोव्स्कीने धातूच्या काठीवर. तोही एका सेंटिमीटरने.

इथपर्यंत आलो आणि नानांची गोष्ट शब्दशः खरी म्हणून मोकळा होणार होतो. पण एक गोष्ट अडली. ती सांगण्यासाठीच खरं म्हणजे हे सगळं लिहायला घेतलं.

मी नववीत असताना एकदा आत्या सुट्टीत आली होती. ओसरीवर गवार निवडता निवडता तिने सहज सांगितलं की नाना कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघात निवडले गेले होते. बांबूउडीसाठीच. परगावी स्पर्धा होती, तिकीटही काढलेलं. निघायच्या आदल्या दिवशी कारखान्याची उसाची तोड आली. आजोबा तापाने अंथरुणावर, बाकीची भावंडं लहान. तोड चुकली तर ऊस रानात वाळणार आणि घरचं वर्ष त्या उसावर. नाना गेले नाहीत. ऊस गेला. पुढच्या वर्षी कॉलेज संपलं.

झालं. त्या वयात माणसाला सगळं कळलं असं वाटतं. वामरदामची गोष्ट नाना दरवर्षी का सांगतात याचा मला उलगडा झाला. संध्याकाळी मैदानावर, बाकी पोरं निघून गेल्यावर, मी त्यांना विचारलं, "नाना, खेळाडू व्हायचं राहिलं म्हणूनच तुम्ही मास्तर झालात ना? त्या वामरदामसारखं?"

कसं विचारलं ते मला अजून आठवतं. त्यात कौतुक नव्हतं. एखाद्याची चोरी पकडावी तसा आवाज होता.

नाना माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "चल, बांबू धर."

त्यानंतर तो विषय आमच्यात कधी निघाला नाही. मी शिकायला बाहेर पडलो, मग नोकरी, मग सणावारी घरी जाणं. नाना निवृत्त झाले, शाळेतली बांबूउडी बंद पडली आणि एके वर्षी नानाही गेले. पण माझ्या मनात त्यांचं एक चित्र पक्कं बसलं होतं, की नाना म्हणजे हुकलेला खेळाडू. मास्तरकी म्हणजे त्या हुकलेल्या उडीनंतर जे हाती उरलं ते.

आणि आता त्या रात्री वाचता वाचता कळलं, की वॉर्मरडॅम मास्तर झाला तो लढाईनंतर नाहीच! तो आधीपासून मास्तर होता. कॉलेज संपल्यावर तो हायस्कुलात शिकवत होता. पीडमॉन्टच्या हायस्कुलाचं नाव त्याच्या माहितीत येतं. म्हणजे जगाला थक्क करणाऱ्या त्या उड्या एका शाळामास्तरने नोकरी सांभाळून मारल्या होत्या. आठवडाभर वर्ग आणि मैदान, मग स्पर्धेच्या दिवशी बांबू घेऊन विश्वविक्रम!

नानांच्या गोष्टीत शेवटचं वाक्य "मग तो मास्तर झाला" असं होतं. ते वाक्य क्रमाने चुकीचं होतं. आणि माझं सगळं शहाणपण त्या एका 'मग' वर उभं होतं.

पुढचं आयुष्यही तसंच सरळ. १९४७ मध्ये तो ज्या कॉलेजात शिकला तिथेच, फ्रेझ्नोला, शिकवायला परत आला आणि १९८० पर्यंत तिथेच राहिला. तेहतीस वर्षं! १९६४ मध्ये फ्रेझ्नो स्टेटच्या संघाने छोट्या कॉलेजांच्या गटातलं राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. कॉलेजच्या मैदानाला आज वॉर्मरडॅमचं नाव आहे.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते वेगळ्याच गोष्टीने. या तेहतीस वर्षांत त्याच्या हातातली काठीच बदलून गेली. आधी बांबू गेला आणि धातू आला, मग धातू जाऊन फायबरग्लास. पंधरा फुटांवरून सोळा फुटांवर जायला जगाला बावीस वर्षं लागली. १९४० ला वॉर्मरडॅम, १९६२ ला जॉन युल्सेस, तोही फायबरग्लासवर. आणि सोळावरून सतरा व्हायला? जेमतेम दीड वर्ष. १९६३ च्या ऑगस्टमध्ये जॉन पेनेल सतरा फूट गेला. ज्या काठीवर वॉर्मरडॅम जगात एकटा होता ती अडगळीत गेली, आणि नवीन काठीवर चांगली कॉलेजची पोरं त्याच्याहून वर जायला लागली. अशा वेळी त्या पोरांसमोर उभं राहून शिकवायचं म्हणजे आपल्याला जे सर्वांत चांगलं येतं त्यातलं बरंचसं बाजूला ठेवून नवं शिकायचं. "आमच्या वेळी बांबूवर..." असं म्हणत बसणाऱ्याला हे काम १९८० पर्यंत करता येणार नाही.

त्या काळात या उडीकडे शास्त्र म्हणून बघणारे लोकही तयार होत होते. रिचर्ड गान्स्लेन हा त्यांतला एक. तो स्वतः कॉलेजातला पोल व्हॉल्टर, आणि त्याने 'मेकॅनिक्स ऑफ द पोल व्हॉल्ट' या नावाचं पुस्तकच लिहिलं. त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या, कारण काठ्या बदलत राहिल्या. या माणसांना आपली उडी संपली म्हणून उडीचं कुतूहल संपलं असं झालं नाही. उलट स्वतः वर जात असताना जे बघायला सवड नव्हती, ते खाली उभं राहून दिसायला लागलं असेल.

वॉर्मरडॅम साठी उलटल्यावर ज्येष्ठांच्या डेकॅथलॉनमध्येही उतरला, दहाच्या दहा प्रकार! पदकासाठी झुरणाऱ्या माणसाचं हे लक्षण मला तरी वाटत नाही. १३ नोव्हेंबर २००१ ला तो फ्रेझ्नोतच गेला. शहाऐंशी वर्षांचं आयुष्य. त्यातली विश्वविक्रमाची वर्षं मोजली तर चार, मास्तरकीची मोजली तर चाळीसच्या घरात.

हे वाचून मी आत्याला फोन लावला. आता तिला ऐकू कमी येतं, मोठ्याने बोलावं लागतं. विचारलं, "नानांनी मास्तर व्हायचं कधी ठरवलं गं? ती स्पर्धा हुकल्यावर ना?"

"कोण म्हणतं?" आत्या म्हणाली. "कॉलेजात असल्यापासून गावातली पोरं गोळा करून उड्या शिकवायचा तो. अण्णांच्या शिव्या खायचा त्यापायी. तोड आली त्या दिवशीसुद्धा ती पोरंच तर ऊस भरायला आली होती मदतीला. नाहीतर भरला असता होय एकट्याने?"

हे तिने मला आधी का सांगितलं नाही असं विचारणार होतो. पण मी तरी कधी विचारलं होतं? एक अर्धी गोष्ट हाताला लागली आणि तिचा अर्थ लावून मी मोकळा झालो होतो. पस्तीस वर्षं त्या अर्थावर माझं काहीही अडलं नाही, म्हणून कधी तपासलाही नाही.

ती संध्याकाळ आता जरा वेगळी दिसते. तेव्हा मला वाटलं होतं नानांनी विषय टाळला. मी इतका झोंबणारा प्रश्न विचारलाय की या माणसाकडे उत्तर नाही, अशी माझी समजूत. आणि ते तर हसून बांबू माझ्या हातात देत होते! त्या दिवशी मी आठ फूट गेलो होतो, शाळेत असताना माझी तीच सर्वांत उंच उडी. दांडी नानांनीच लावली होती. मी वर असताना ते खाली खड्ड्याच्या कडेला उभे होते आणि त्यांचं लक्ष दांडीकडे नव्हतं, मी कुठे पडतोय तिकडे होतं. ही गोष्ट मला तेव्हाही दिसली होती. नुसती दिसली होती.

असो.

भाच्याला मी सगळं लिहून पाठवलं. वॉर्मरडॅम, बांबू, भुसा, त्रेचाळीस वेळा, सगळं. त्याचं उत्तर आलं, "मग त्याची ऑलिंपिक मेडल्स किती?"

लिहिलं, "एकही नाही."

बराच वेळ काही नाही. मग, "मामा, दिवाळीत गावाला गेलो की आपण बांबूवर मारून बघायची का?"

मी लिहिलं, "बघू की. पण पहिले चार दिवस नुसता खड्डा भरावा लागेल."